शांताक्कांच्या मांडीवरचा लेफ्ट विंगर

आमच्याकडच्या फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांना चेंडू फारसा दिसत नाही. मैदान म्हणजे गावचं गायरान. बावीस जण पळायला लागले की अशी धूळ उठते, की कडेला बसलेल्यांना फक्त पाय दिसतात, तेही कुणाचे ते कळत नाही. मग सामना बघायचा कसा? कानांनी. आणि तो लोकांच्या कानात घालणारा माणूस म्हणजे मी, रेवणसिद्ध, कर्णेवाला. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतल्या जत्रांमध्ये गेली अठ्ठावीस वर्षं मी सामने सांगत आलो आहे. मी सांगतो तो सामना लोक घरी घेऊन जातात. खरा झालेला सामना फक्त खेळाडूंना आणि मला माहीत असतो, आणि खेळाडूंच्याबद्दल माझी खात्री नाही.

या धंद्यात काय लागतं, असं लोक विचारतात. घसा लागतो, हे सगळ्यांना वाटतं. घसा बैलालाही असतो. लागतात त्या तीन भाषा, आणि त्याही एका श्वासात. ‘बॉल आला’ मराठीत सांगून थांबलो, तर निम्मं गायरान कन्नड ‘बंतु’ ऐकायला थांबलेलं असतं आणि मशिदीकडच्या कोपऱ्यातली पोरं ‘आगया’साठी. म्हणून मी म्हणतो, ‘बॉल आला, बंतु, आगया, गेला.’ तोवर तो खरंच गेलेला असतो.

शिवाय मधल्या मधल्या कामगिऱ्या. करजगीच्या एका म्हाताऱ्यानं भर सामन्यात माझ्या कानाशी येऊन हरवलेल्या म्हशीचं वर्णन सांगितलं. मी ते पुकारलं. म्हैस गोलपोस्टच्या मागंच उभी होती. गोलकीपर ती धरायला गेला आणि गोल झाला. तो गोल धरावा की नाही, यावर पाऊण तास चर्चा चालली. म्हातारा म्हैस घेऊन निघून गेला, आभारसुद्धा न मानता.

एक नियम मात्र मी पोटाशी धरून आहे: माइक दुसऱ्याच्या हातात गेला की लक्ष ठेवायचं, आणि बोलणं संपलं, त्याचं किंवा आपलं, की आधी बटण बंद. हा नियम मी एका अध्यक्षांमुळे शिकलो. भाषण संपवून खुर्चीत बसता बसता ते शेजाऱ्याला म्हणाले, ‘ह्यो पाहुणा आता जेवूनच जातोय वाटतं.’ सहा कर्ण्यांतून ते तीन गावांत गेलं. पाहुणे जेवले नाहीत. नियम इतका पक्का ठाऊक असून मी तो आयुष्यात एकदा विसरलो. त्याचीच ही हकीकत.

जनवाड्याच्या बसस्टँडजवळ मोमोचा एक गाडा असे. त्यावर एक नेपाळी तरुण काम करायचा, एकोणीस-वीस वर्षांचा. आपल्याकडे नेपाळचा माणूस दिसला की त्याला बहादूर म्हणायची पद्धत आहे, तसं सगळे त्याला बहादूर म्हणत. मीही म्हणायचो. एकदा प्लेट हातात देताना तो शांतपणे म्हणाला, ‘अण्णा, मेरा नाम बिकास है. बहादूर मेरे चाचा का भी नाम नहीं.’ मी खजील झालो आणि एक प्लेट जादा खाल्ली.

काका बिदरला एका शाळेवर पहारेकरी, त्याच्या मागोमाग हा सोळाव्या वर्षी इकडे आला होता. राहायला शांताक्कांच्या मागच्या खोलीत. शांताक्का म्हणजे शिवलिंगप्पांची एकुलती एक बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी येऊन राहिलेल्या. शिवलिंगप्पा, म्हणजे गावाचे अप्पा, तुरीचे व्यापारी आणि जनवाडा संघाचे प्रमुख. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि खोटं बोलायची वेळ आली की खोकला. व्यापारात त्यांना वारंवार खोकला येई, पण खोटं कधी निघत नसे.

आता आमच्या स्पर्धेचा एक कायदा सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. खेळाडू गावचाच पाहिजे. बाहेरून आणलेला चालत नाही. सूट फक्त दोघांना, गावचा जावई आणि गावचा भाचा. जावई कुणी उतरवत नाही. त्याला धक्का लावायची कुणाची छाती होत नाही, आणि लागलाच तर तो रुसून बायकोला माहेरीच ठेवून जातो. भाचा मात्र चालतो. लेकीचं पोर ते, गावाचंच.

त्या वर्षी पहिल्याच सामन्याला जनवाड्याचा लेफ्ट विंगर परीक्षेला हैदराबादला गेलेला. दहाच जण. बिकास गाडा सोडून कडेला उभा होता. समोरून चेंडू उडून त्याच्याकडे आला. त्यानं तो छातीवर घेतला, गुडघ्यावर उतरवला, आणि गाड्यावरची प्लेट परत द्यावी तसा अदबीनं पंचाच्या पायाशी ठेवला. गायरान गप्प झालं. मी पण, आणि माझ्या आयुष्यात असे क्षण कमी आहेत.

अप्पांनी त्याला आत घेतलं. समोरचा संघ लांबचा होता. त्यांचा कप्तान माझ्या टेबलाशी आला.

‘अण्णा, ह्यो कोन? ह्यो गावचा दिसंना.’

माइक चालू होता. सगळं गायरान उत्तर ऐकायला वळलं होतं. आणि मी, देवाशपथ सांगतो, एक क्षणही विचार न करता छातीठोक आवाजात सांगितलं, ‘हा आपल्या शिवलिंगप्पांचा भाचा. आईकडून जनवाड्याचा, बापाकडून हिमालयाचा.’

टाळ्या पडल्या. अप्पांना खोकल्याची अशी उबळ आली, की पाणी आणावं लागलं. पण खोकला म्हणजे नकार नव्हे. बिकासनं दोन गोल मारले.

पुढच्या दोन सामन्यांत मी ती वंशावळ वाढवत नेली, हे कबूल करतो. उपांत्य सामन्यापर्यंत त्याचा बाप सुभेदार झाला होता. बिकास मधल्या वेळेत माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, ‘अण्णा, आज मेरे बाप कू क्या बनाए?’ खरा बाप मक्याची शेती करायचा. मी म्हटलं, सुभेदाराला मका पिकवायला कोण नको म्हणतं.

मजा मजेत चाललं होतं, पण मला त्याच्या पायांत काहीतरी दिसत होतं. एका दुपारी तो मोमो वाफवत असताना मी त्याला विचारलं, तुला पुढे काय करायचंय. तो म्हणाला, ‘मेरेकू एक बार घास पो खेलनेका है. गाँव में पत्थर था, इधर मिट्टी है. घास मोबाइल में देखा.’ एवढंच. मोठा खेळाडू व्हायचंय असं काही नाही. गवतावर खेळायचंय.

कलबुर्गीच्या एका क्लबाचे प्रशिक्षक माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या मैदानावर खरं गवत आहे. मी त्यांना चित्रफीत पाठवली. ते म्हणाले, फायनलला येतो, स्वतः बघतो, पसंत पडला तर लगेच घेतो. मी बिकासला सांगितलं. त्या संध्याकाळी गाड्यावरचे मोमो सगळे खारट झाले होते, आणि गिऱ्हाइकांनी निमूट खाल्ले.

फायनल मंठाळशी होती, आणि इथं माझी जीभ अडकली.

अप्पांची मुलगी सुजाता बिदरला औषधशास्त्र शिकायची. तिची सोयरीक मंठाळला ठरली होती. मुलगा महेश, मंठाळचा गोलकीपर. मला सोयरीक ठाऊक होती, गोलकीपरही ठाऊक होता. दोन्ही गोष्टी एकाच पोराला लागू आहेत, हे डोक्यात आलं नव्हतं. सोयरीक जमवताना मंठाळच्या लोकांनी अप्पांच्या घराची सात पिढ्यांची चौकशी केलेली. अप्पांना बहीण एकच आणि तिला पोर नाही, हे त्यांना पाठ होतं.

दुसरं म्हणजे आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला मान भाच्याचा. आता शिकलेली पोरं असं लग्न फार करत नाहीत, पण मान राहिलाय. मुलगी बाहेर द्यायची तर आधी भाच्याला विचारतात. तो नवरदेवाच्या हातात नारळ ठेवून ‘माझं काही म्हणणं न्हाई’ म्हणतो, मग सुपारी फुटते. म्हणजे मी तीन सामने कर्ण्यातून, तीन भाषांत, सुजाताच्या लग्नाला एक हक्कदार उभा करत होतो.

पहिला डाव एक-एक झाला. जनवाड्याचा गोल बिकासचाच. प्रशिक्षक टोपी घालून खुर्चीत बसले होते, केळी खात होते, आणि बिकासकडे चेंडू आला की केळं तोंडाशी तसंच थांबत होतं. माझ्या दृष्टीनं काम झालं होतं.

मध्यंतरात महेशचे काका, काशिनाथकाका, उठले. उंच माणूस, पांढरा फेटा, रागावले तरी आवाज न चढणारे. असे लोक जास्त धोक्याचे. ते मैदानाच्या मधोमध आले आणि म्हणाले, ‘अप्पा, दोनच गोष्टी इचारतो. ह्यो पोरगा तुमचा भाचा न्हाई, तर त्याला भाईर काढा. आन् भाचा हाय, तर त्याला न इचारता पोरगी आमाला कशी देयालाव?’

कर्णे बंद असूनही हे सगळ्यांना ऐकू गेलं. बिकास कंबरेवर हात ठेवून उभा. त्याला मराठी कळत होती. त्यानं एकदा प्रशिक्षकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सुभेदार बाप देणारा मी, त्याच्याकडे बघू शकलो नाही.

मी पुढे होऊन म्हटलं, ‘काका, चूक माझी हाय, मी—’

‘तुमी गप ऱ्हावा रेवणअण्णा. तुमचं बोलनं झालंय तीन सामने.’

अप्पांच्या हातात मी माइक दिला. ते उभे राहिले. खोकला आला नाही. याचा अर्थ ते खरं बोलणार होते.

‘गळ्यात लिंग हाय,’ ते म्हणाले. ‘खोटं कसं बोलू? माझ्या भैनीला पोर न्हाई. पोराला खेळायला मिळू दे म्हनून मी गप बसलो. ह्यो—’

‘थांब,’ बायकांच्या बाजूनं आवाज आला.

शांताक्का. ठेंगणी बाई, इरकल नेसलेली, चालताना गुडघ्यावर हात ठेवणारी. मैदान ओलांडायला त्यांना वेळ लागला. त्यांनी भावाच्या हातातून माइक घेतला, उलटा धरला. मी सुलटा केला.

‘माझा हाय त्यो,’ त्या म्हणाल्या.

काशिनाथकाकांनी हात जोडले. ‘अक्का, तुमी मोठ्या हाव. पन घर भाड्यानं दिलं म्हनून पोर होत न्हाई.’

‘भाडं कोन घेतलंय? चार वर्सं माझ्या हातची भाकर खायलाय. पारसाल मला ताप आला तवा हा भाऊ तुरी इकायला गेलता. ह्यानं पेज करून घातली. मीठ जास्त झालतं. ते बी मी सांगितलं न्हाई त्याला.’

लोक हसले. काका हसले नाहीत, पण आवाज मवाळ झाला. ‘समदं खरं हाय अक्का. पन रीत म्हनून काई असतंय. मांडीवर घेतलं असतं तर बात येगळी होती.’

हे ते सहज बोलून गेले. पोर दत्तक घ्यायचं तर मांडीवर घेतात, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. शांताक्कांनी माइक माझ्या हातात दिला, पदर कंबरेला खोचला, आणि मैदानाच्या मधोमध चुन्याच्या गोलात मांडी घालून बसल्या.

‘ये रे बिकास. बस.’

बिकासला समजेना. ‘किधर?’

‘हितं. मांडीवर.’

पाच फूट आठ इंच उंचीचा लेफ्ट विंगर, घामानं आणि धुळीनं माखलेला, पायात खिळ्यांचे बूट, पाठीवर अकरा नंबर. तो वाकला, थांबला, परत वाकला.

‘बूट काढ आधी,’ अक्का म्हणाल्या. ‘टोचायलेत.’

त्यानं बूट काढले आणि जसं जमेल तसं, अर्धा मातीवर आणि अर्धा मांडीवर टेकला. अक्कांनी पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं. कायद्यात हे बसतं की नाही, ते वकिलाला विचारा. आमच्या गायरानात बसलं. मला सामना सांगायचा असतो, पण त्या वेळी काय सांगू? मी नुसतं म्हणालो, ‘आई आली, बंदळु, आगयी.’

काशिनाथकाकांनी फेटा नीट केला. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘आता भाचा झाला. मग नारळ?’

नारळ जत्रेत कुठेही मिळतो. बिकासच्या हातात तो देण्यात आला. तो माझ्या कानाला लागला. ‘अण्णा, मैं क्या बोलूं?’

‘बोल, मेरा कुछ कहना नहीं.’

‘किसके बारे में?’

‘सुजाताके.’

‘दीदी के बारे में मैं कायकू बोलूं? उनोच बोलते ना.’

हे त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं. बायकांच्या गर्दीतून सुजाताचा आवाज आला, ‘त्येच म्हंते मी. मला कुनी इचारनार हाय का?’

महेश गोलकीपर, आतापर्यंत हातमोजे घालून मान खाली घालून उभा होता. त्यानं धीर करून विचारलं, ‘मग काय म्हणतेस?’

‘आधी मॅच संपवा. मग सांगते.’

बिकासनं हसत नारळ महेशच्या हातमोज्यात ठेवला, आणि गायरानानं जी आरोळी दिली, ती मी कुठल्याही गोलाला ऐकलेली नाही. प्रशिक्षकांनी तिसरं केळं सोललं. ते मला म्हणाले, ‘तुमच्याकडं हाफटाइम दरवेळी असंच असतंय का?’

दुसरा डाव सुरू झाला. बिकास असा खेळला, की मला सांगायला शब्द पुरेनात आणि मी वाढवून सांगायची गरजही उरली नाही. अठ्ठावीस वर्षांत एवढा वेळ मी खरं कधी बोललो नव्हतो. शेवटच्या मिनिटाला त्याला गोलसमोरच्या पेटीत पाडलं. पेनल्टी. एक-एकच होते. हा गोल झाला की कप जनवाड्याचा. प्रशिक्षक खुर्चीतून उठून दोरीपाशी आले होते.

समोर महेश, हात पसरून. बिकासनं चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेला.  मी माइक टेबलावर ठेवला. अशा वेळी न बोलणं हीसुद्धा कला आहे. शांताक्का माझ्या टेबलाशेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. त्या पुढे झुकल्या आणि आपल्याशीच म्हणाल्या,

‘हळू मार रे बाबा, जावई हाय.’

माइक चालू होता.

सहा कर्ण्यांतून ते वाक्य गायरानावर पडलं. आधी पंच हसला. मग महेशचे हात खाली आले. धावत निघालेल्या बिकासला थांबता येईना आणि हसू आवरेना. त्यानं लाथ मारली ती तशीच, हसता हसता. चेंडू दांडीवरून, पोरांवरून, बांधावरून गेला आणि पलीकडच्या करडईत पडला. करडईला काटे असतात. आम्हाला नुसता एक आवाज ऐकू आला, कुणी सुस्कारा सोडावा तसा. उरलेला तो शेवटचाच चेंडू होता, सामना तिथंच संपला.

कप दोघांत वाटला गेला, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

प्रशिक्षक गाडीत बसताना म्हणाले, ‘पाय चांगले हायत. पन पेनल्टी मारताना हसतोय. माझ्याकडं असं पोरगं टिकत न्हाई, रेवणअण्णा. आईकडं बघून खेळणारं तर न्हाईच.’ मी पुष्कळ बोललो. मी आयुष्यभर बोलून लोकांना पटवत आलो आहे. त्या दिवशी पटवता आलं नाही. गाडी गेली.

चार सामने, एवढीच बिकासची कारकीर्द. माझ्याच माइकनं ती जन्माला घातली आणि माझ्याच माइकनं संपवली. पुढच्या वर्षी अक्कांनी बूट तुरीच्या कोठीत लपवून ठेवले. ‘उशिरा मिळालेलं पोर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पाय मोडून घ्यायला न्हाई मिळालं.’  एका दुपारी मात्र मी त्याला शाळेच्या मागं पाहिलं. अनवाणी, एकटाच, भिंतीवर चेंडू मारत होता. डाव्या पायानं, पुन्हा पुन्हा, एकाच विटेवर. मी हाक न मारता परत फिरलो.

सुजातानं होकार दिला होता. तिचं लग्न बिदरला झालं, एका मोठ्या मंगल कार्यालयात. कर्णे अर्थातच माझे. मंडपामागं हिरवंगार लॉन होतं, त्यावर पाटी: हिरवळीवर चालू नये. जेवणं उरकत आली होती. मी पाहिलं, तर बिकास त्या पाटीसमोर उभा. नवा सदरा, डोक्याला फेटा, वधूचा भाऊ म्हणून सकाळपासून पळून दमलेला. त्यानं चपला काढल्या. एक पाय हिरवळीवर ठेवला, मग दुसरा. बोटं गवतात रुतवून तो नुसता उभा राहिला.

मागून महेश आला, जरीचा फेटा, गळ्यात हार. त्याच्या काखेत चेंडू होता. तो कुठून आणला, हे मी विचारलं नाही. आणला मीच होता. महेशनं दोन कुंड्या सरकवून गोल केला, हार काढून कुंडीवर ठेवला आणि हात पसरून उभा राहिला.

बघता बघता लोक जमले. काशिनाथकाका, अप्पा, सुजाता, हातात पानाचं तबक घेतलेल्या शांताक्का. मला कुणीतरी म्हणालं, ‘सांगा की अण्णा.’ माइक माझ्या हातात होता. मी बटण चाचपलं आणि ते बंद केलं. दोनदा बघून घेतलं.

म्हणून शांताक्का काय म्हणाल्या, ते मंडपात कुणाला कळलं नाही. जवळ उभ्या असलेल्या आम्हा चौघांनाच ऐकू आलं.

‘मार जोरात,’ त्या म्हणाल्या. ‘आता घरचाच हाय.’

महेश उजवीकडं झेपावला. चेंडू डावीकडून गेला.